माळ्यावरचं हेल्मेट

चार बोटं कापड कमी फाडलं गेलं, एवढंच काय ते झालं. जुन्या जालन्यात राधेश्यामशेठच्या दुकानात भारत सतरा वर्षं कापड फाडत होता. मीटरची पट्टी हाताशी नसली तरी त्याचा हात चुकत नसे. गिऱ्हाइकानं घरी जाऊन मोजलं तर दोन बोटं वरच भरायची, आणि त्यावरून शेठ महिन्यातून एकदा तरी त्याला टोमणा मारायचे. आज मात्र आष्टीच्या एका म्हाताऱ्याला नेहरूशर्टाचं कापड देताना कात्री अलीकडंच चालली. म्हाताऱ्याच्या लक्षात आलं नाही, शेठच्या आलं. चष्म्यावरून बघत ते म्हणाले, "भारत, तब्येत बराबर आहे ना?" भारत म्हणाला, "बराबर आहे शेठ," आणि त्यानं दुसरा तुकडा फाडून दिला. हात थरथरला नव्हता, छातीत धडधडलं नव्हतं, तोंडाला कोरडही पडली नव्हती. काउंटरवर, कात्रीपासून वीतभर अंतरावर, दाजींची वही उघडी पडली होती. तिच्यात तिसऱ्या ओळीवर वाकड्यातिकड्या अक्षरांत लिहिलं होतं : भारत हेल्मेटचं काहीतरी म्हणाला. परत विचारणे.

दाजी म्हणजे सुग्रीव, भारतच्या थोरल्या बहिणीचा, सुरेखाआक्काचा नवरा. रोज दुपारी ते दुकानात येऊन बसायचे, आत्ता आत माठाकडं पाणी प्यायला गेले होते. आत जायचे आणि कशाला आलो ते विसरून माठाशी उभे राहायचे, मग भारत इथून हाक मारायचा, "दाजी, पाणी." मग आतून ग्लासाचा आवाज यायचा. रोज दुपारी हे असंच. आज भारतनं हाक मारली नाही. तो वहीकडं बघत राहिला. तारीख दिवाळीच्या आठवड्यातली होती. म्हणजे वही तेव्हापासून होती आणि त्याला माहीत नव्हतं. गेल्या महिन्यात आक्का सहज बोलून गेली होती खरी, की संभाजीनगरला मेंदूच्या दवाखान्यातल्या एका मॅडमनं दाजींना वही दिलीय. जे होईल ते त्याच वेळी लिहायचं, तारीख टाकायची, आणि घरच्या कुणीतरी रोज संध्याकाळी त्यांच्याकडून ते वाचून घ्यायचं. भारत "बरं झालं" म्हणाला होता. त्याला वाटलं होतं, वहीत काय, गोळी घेतली, भाजी आणली, एवढंच असेल. पहिल्या दोन ओळी तशाच होत्या. पहिली : तृप्तीची फी भरली, पावती कपाटात. दुसरी : दूध गॅसवर ठेवलं तर उठायचं नाही. तिसरी त्याची. आक्कानं ती वाचली असली तरी दाजींचं नेहमीचंच काहीतरी म्हणून सोडून दिली असणार.

दूध गॅसवर ठेवलं तर उठायचं नाही, ही ओळ उगाच नव्हती. दाजींना वास येत नव्हता. डोक्याला मार लागला तेव्हापासून नाकातली ती गोष्टच गेली. एकदा दूध जळून पातेलं काळं पडलं, घरभर धूर झाला, आणि हा माणूस स्वयंपाकघराच्या दारात बसून लसूण सोलत होता. शेजारीण धावत आली म्हणून बरं. अशा किती गोष्टी. बँडचा आवाज सहन होत नाही. दोन माणसं एकदम बोलायला लागली की दोन्ही हातांनी कान धरतात. जुनं सगळं आठवतं, मिलमधल्या फोरमनच्या बायकोचं नावसुद्धा, पण आज सकाळी काय खाल्लं ते विचारा, तर तोंडाकडं बघतात. राग येतो तो कुठून येतो कळत नाही, जातोही तसाच. चार वर्षांपूर्वीपर्यंत हाच माणूस रोलिंग मिलमध्ये क्रेन चालवत होता. वर केबिनमध्ये एकटा बसून तापलेल्या लोखंडाचे तुकडे उचलायचा, खाली पंचवीस माणसं काम करायची, आणि बारा वर्षांत एकाच्याही बोटाला ओरखडा आला नव्हता.

आणि हेल्मेटचं म्हणाल तर ते त्यांच्या डोक्याला मिलनंच चिकटवलेलं. मिलच्या फाटकातून आत जाताना पिवळं, गाडीवर बसताना काळं. कोपऱ्यावर भाजी आणायला निघाले तरी काळं घालणार, हनुवटीखाली पट्टा लावणार, आणि पट्टा लागल्याचा आवाज आला की मगच किक मारणार. सगळे हसायचे. तीर्थपुरीत, म्हणजे भारत आणि आक्काच्या माहेरच्या गावात, त्यांना हेल्मेटवाले दाजी म्हणायचे. भारतची आई साखराबाई लोकांना कौतुकानं सांगायची, की माझा जावई हिरीवर पाण्याला निघाला तरी टोपडं घालून जाईल. दाजी रागावायचे नाहीत. नुसतं म्हणायचे, "हसा. डोकं माझं हाय." भारतला आता वाटायचं, तो दिवस सोडला तर बाकी सगळे दिवस हे हेल्मेट त्या डोक्यावर होतं. हे त्याला वाटायचं ते दुःखानं नव्हे. हिशोबासारखं वाटायचं, आणि तिथंच थांबायचं.

धाकटा चुलतभाऊ भिवा, त्या दिवशी तीर्थपुरीत त्याचं लग्न होतं. फेटे बांधायचं काम भारतकडं, ते काही विचारायचं कारणच नव्हतं. सगळ्या तालुक्यात लग्न असलं की त्याला बोलावणं यायचं. आता तयार फेटे निघालेत, टोपीसारखे डोक्यावर ठेवले की झालं. भारत त्यांना हातही लावायचा नाही. त्याला माणूस खुर्चीवर बसवून, कापडाचं एक टोक दातात धरून, पेचावर पेच चढवायला आवडायचं. डोकं हातात आलं की माणूस कळतो, असं तो म्हणायचा. कुणी मान ताठ धरतो, कुणी देऊन टाकतो. त्या दिवशी त्यानं ऐंशीच्या वर फेटे बांधले, आणि जावयाचा सगळ्यात शेवटी, मन लावून. जांभळा, जरीच्या काठाचा. त्यांच्या घरात रीत अशी, की मेहुण्यानं बांधलेला फेटा जावयानं वाटेत उतरवायचा नाही, आपल्या घरी देवापुढं उतरवायचा. दाजी डोकं देऊन टाकणाऱ्यांतले. डोळे मिटून बसले होते, आणि बांधून झाल्यावर आरशात बघून लहान मुलासारखं हसले होते.

आक्का आणि तृप्ती पूजेसाठी मागं राहणार होत्या. दाजींची दुपारची पाळी होती, म्हणून ते जेवून लगेच निघाले. मांडवामागं कडुलिंबाखाली गाड्या लावलेल्या होत्या, तिथं सोडायला भारत एकटाच गेला. दाजींनी आरशाला अडकवलेलं काळं हेल्मेट काढलं, हातात घेतलं, आणि थोडे घोटाळले. म्हणाले, "भारत, ह्याच्यावर ते बसत न्हाई. मी फेटा सोडून पिशवीत ठिवतो. घरी गेल्यावर देवापुढं ठिवीन की, तेवढंच." आणि भारतला राग आला. हेच खरं. तासाभरापूर्वी बांधलेला, दिवसातला सगळ्यात देखणा फेटा. तो म्हणाला, "दाजी, असं कसं करता. वाटेनं चार माणसं बघतील की तीर्थपुरीचा जावई चाललाय. अंबडपर्यंत तर रस्ता मोकळा हाय." दाजी म्हणाले, "मंग हेल्मेट कुठं ठिवू?" भारत म्हणाला, "द्या इकडं." आणि त्यानं ते त्यांच्या हातातून काढून घेतलं. ओढलं नाही, पण काढून घेतलं. दाजींनी सोडलं. मेहुण्याला नाराज कशाला करायचं, असा त्यांचा स्वभाव. किक मारण्याआधी त्यांचा हात हनुवटीकडं गेला, पट्टा नव्हता, हात खाली आला. भारतला हे सगळं दिसत होतं. मांडवाकडं परत जाताना तो हेल्मेट मनगटावर झुलवत गेला, आणि आत गेल्यावर पानं वाढायला लागला.

एका फाट्यावर गावकऱ्यांनी नवा गतिरोधक घातला होता, त्यावर पांढरे पट्टे अजून ओढलेले नव्हते. गाडी उडाली. मागून येणाऱ्या एका टेम्पोवाल्यानं दाजींना उचललं. जांभळा फेटा रस्त्यावर बराच लांबपर्यंत सुटत गेला होता, असं तो टेम्पोवाला पुढं कितीतरी दिवस सांगत होता. सांगताना दोन्ही हात फाकवून लांबी दाखवायचा. संभाजीनगरच्या दवाखान्यात अकरा दिवस दाजी शुद्धीवर नव्हते. मेंदूला सूज होती म्हणून डॉक्टरांनी डोक्याचं एक हाड कापून काढलं आणि ते जपून राहावं म्हणून पोटाच्या कातडीखाली ठेवलं. तीन महिन्यांनी परत जागेवर बसवलं. ते तीन महिने आक्का नवऱ्याच्या पोटावर हात ठेवून झोपायची. पहिल्याच संध्याकाळी एक तरुण डॉक्टर कागद भरत बाहेर आला आणि त्यानं विचारलं होतं, "हेल्मेट होतं का?" सगळे एकमेकांकडं बघायला लागले. भारत म्हणाला, "घातलं न्हवतं." डॉक्टरनं लिहून घेतलं. भारत खोटं काही बोलला नव्हता. त्याच्या पुढचं एक वाक्य होतं, ते तोंडात आलं होतं, आणि तेवढ्यात कुणीतरी चहा घेऊन आलं. चहा घेतला. मग ते वाक्य बोलायची वेळ निघून गेल्यासारखी झाली. दुसऱ्या दिवशी आणखी गेली.

पुढं घरात जी गोष्ट तयार झाली ती कुणी एकानं केली नाही. मिरवायला मिळतंय म्हणून दाजींनी हेल्मेट हँडलला अडकवलं असेल, आणि पडल्यावर ते कुणी उचलून नेलं असेल, असं आधी आक्का म्हणाली. मग आई म्हणाली. मग सगळेच म्हणायला लागले. भारत गप्प बसला की ते खरं धरलं जायचं. आक्का वाईट बाई नव्हती. पण सकाळी शाळेत तीनशे पोरांची खिचडी शिजवायची, संध्याकाळी घरी येऊन नवऱ्याला गोळ्या द्यायच्या, त्याचा राग सोसायचा, त्याला चौथ्यांदा आज कोणता वार ते सांगायचं. माणूस आहे, तोंडातून निघायचंच. "रोज त्या टोपड्याशिवाय बाहीर पडत न्हवता, आन त्याच दिवशी कशी बुद्धी फिरली तुमची?" दाजी खाली मान घालायचे. त्यांना तो दिवस आठवतच नव्हता. लग्न नाही, फेटा नाही, लिंबाचं झाड नाही. सगळे म्हणतात म्हणजे आपणच काहीतरी येडेपणा केला असणार, हे त्यांनी मान्य करून टाकलं होतं. कुणी घरी भेटायला आलं की आपणहून सांगायचे, "माझंच चुकलं." हे ऐकताना भारत चहाच्या कपात बघत बसायचा. हेल्मेट त्यानं दुकानाच्या माळ्यावर अस्तराच्या ताग्यांमागं ठेवलं होतं. त्याच्यावर एक ओरखडाही नव्हता.

आणि आता जे सांगायचं ते जरा लाजेचं आहे. भारतनं दाजींना खरं सांगितलं होतं. एकदा नव्हे, तीनदा. पहिल्यांदा सांगितलं ते दोन वर्षांपूर्वी, पितृपक्षात, जेव्हा दुकानात माशी फिरकत नाही आणि शेठ जेवायला घरी जातात. सांगताना त्याचा आवाज फुटला होता. दाजी म्हणाले, "असं व्हय," आणि डोळे पुसून उठून गेले. भारत रात्रभर वाट बघत राहिला, की आता आक्का येईल. दुसऱ्या दिवशी दुपारी दाजी आले, पायरीवर चपला काढल्या आणि म्हणाले, "काय भारत, चहा सांगितला का?" सगळं पुसून गेलं होतं. त्या दुपारी भारत पोटभर जेवला. कितीतरी महिन्यांनी गाढ झोपला. मग वर्षभरानं पुन्हा तसंच जड वाटायला लागलं तेव्हा त्यानं पुन्हा सांगितलं, आणि दिवाळीच्या आठवड्यात तिसऱ्यांदा. तिसऱ्या वेळी आवाजही फुटला नाही. शब्द बसून गेले होते. दाजी प्रत्येक वेळी नव्यानं ऐकायचे, प्रत्येक वेळी नव्यानं त्यांचे डोळे भरायचे, आणि भारतला बरं वाटायचं. आपण हे काय करून राह्यलो, हे त्याला कळत नव्हतं असं नाही. चांगलं कळत होतं. पण कळलेलं आतपर्यंत पोचत नव्हतं, कातडीपाशीच थांबत होतं.

"पाणी," असं म्हणत दाजी स्वतःच बाहेर आले. ग्लास हातात होता, रिकामा. वही उचलून त्यांनी शर्टाच्या खिशात कोंबली. ओळ त्यांना दिसली नाही. म्हणाले, "भारत, उद्या तुझ्या आक्काच्या शाळेत कार्यक्रम हाय. मला बोलायचंय." भारतला माहीत होतं. सोमेश्वर सर म्हणून शाळेत एक उत्साही मास्तर होते, जानेवारी लागला की रस्तासुरक्षेचा कार्यक्रम घेणारे. या वर्षी त्यांच्या डोक्यात आलं, की नुसती भाषणं नकोत, ज्याच्यावर बेतलं तो माणूसच पोरांपुढं उभा करायचा. आणि तो माणूस त्यांच्या शाळेत खिचडी शिजवणाऱ्या बाईच्याच घरात होता. तृप्ती त्याच शाळेत नववीत. तिनं आईला म्हटलं होतं, बाबांना नको बोलावू. आक्का म्हणाली, चार लेकरांचे बाप वाचतील, काय बिघडतंय. मग आक्कानं भारतला फोन करून सांगितलं, की सरांनी पाहुण्यांच्या सत्काराला फेटे आणलेत, बांधायला तू ये. भारत "येतो" म्हणाला. हेल्मेटच्या कार्यक्रमाला फेटे. फोन ठेवल्यावर त्याला हसू येईल असं वाटलं होतं, ते आलं नाही.

सकाळी मैदानावर थंडी होती. पोरं स्वेटर घालून ओळीनं बसली होती, कडेला मंडप, मंडपात पाच खुर्च्या. एक पोलीस साहेब, एक दवाखान्यातले डॉक्टर, संस्थेचे दोन सदस्य आणि दाजी. सोमेश्वर सरांनी प्रत्येक पाहुण्याच्या हातात एक नवं कोरं हेल्मेट दिलं, कार्यक्रमानंतर गावातून फेरी निघणार होती. भारतनं बाजूच्या वर्गात खुर्ची मांडली आणि एकेकाला बसवून फेटे बांधायला सुरुवात केली. साहेबांची मान ताठ. डॉक्टर फोनवर बोलत राहिले. शेवटी दाजी आले. त्या लग्नानंतर भारतनं त्यांच्या डोक्याला हात लावला नव्हता. दाजी बसले, डोळे मिटले, डोकं देऊन टाकलं. कापडाचं टोक दातात धरून त्यानं पहिला पेच घेतला, आणि डाव्या कानाच्या वर त्याची दोन बोटं आत गेली. हाड परत बसवलं होतं तरी तिथं खोलगट राहिलं होतं. कातडीखाली काहीतरी हळूहळू उडत होतं. ऐंशी फेटे बांधणाऱ्या त्या बोटांना इतक्या वर्षांत काही लागलं नव्हतं, ते आता लागलं. दाजींच्या मांडीवर नवं हेल्मेट होतं, ते दुसरा पेच घेताना मध्ये येत होतं. डोळे मिटलेलेच ठेवून दाजी म्हणाले, "हे हेल्मेट कुठं ठिवू?"

आणि भारतच्या तोंडातून आपोआप निघालं, "द्या इकडं."

दाजींनी दिलं. त्यांना काही आठवलं नव्हतं, ते नुसते डोळे मिटून बसले होते. भारतच्या हातात हेल्मेट होतं, दातात कापड होतं, आणि खिडकीतून बाहेर ओळीनं बसलेली पोरं दिसत होती. त्यानं हेल्मेट बाकावर ठेवलं, फेटा पुरा केला. हात चुकला नाही. शेमला खांद्यावर नीट सोडला. मग बाहेर फोटो काढायची वेळ आली तेव्हा सगळ्यांची पंचाईत झाली, कारण फेट्यावर हेल्मेट बसेना. सोमेश्वर सर म्हणाले, "राहू द्या, राहू द्या, फेटे छान दिसतायत. हेल्मेट हातात धरा सगळ्यांनी. फेरी निघताना बघू." पाचही पाहुणे डोक्याला फेटे आणि हातात हेल्मेट घेऊन हसत उभे राहिले. कुणाला काही वाटलं नाही. भारत मंडपाच्या खांबाला टेकून बघत होता. 

दाजी बोलायला उठले. वहीत आक्काच्या अक्षरात लिहिलेलं होतं, त्यावर बोट ठेवून ते वाचत होते. "नमस्कार. माझं नाव सुग्रीव. मी मिलमधी क्रेन चालवायचो. आता चालवत न्हाई. चार वर्षांपूर्वी मी हेल्मेट न घालता गाडीवर निघालो. चूक माझी होती. माझ्याकडं हेल्मेट होतं, पण मी घातलं न्हाई. आता मला वास येत न्हाई. मला कालचं आठवत न्हाई. तुमच्या वडलांना सांगा." एवढं वाचून त्यांचं बोट घसरलं, ओळ हरवली, ते पुन्हा म्हणाले, "चूक माझी होती." मग आणखी एकदा तेच. सरांनी पुढं होऊन टाळ्या वाजवल्या, तीनशे पोरांनी वाजवल्या, आणि त्या आवाजानं दाजींनी फेट्यावरूनच दोन्ही कान दाबून धरले. "बघा मुलांनो," सर म्हणत होते, "एका माणसाचा क्षणभराचा निष्काळजीपणा." तिसऱ्या ओळीत तृप्ती बसली होती. तिनं गुडघ्यांत तोंड घातलं होतं आणि तिची वेणी जमिनीला टेकली होती. शेजारची मुलगी तिच्याकडं बघत होती. भारतला एकदम कळलं, की बापाला विसरता येतं, या पोरीला येत नाही. चार वर्षं ती एका येड्या माणसाची मुलगी म्हणून मोठी होत होती. हे त्याला आधी का सुचलं नव्हतं, कुणास ठाऊक. वाईट वाटलं. खरोखर वाईट वाटलं, आणि इतक्या दिवसांनी वाटलं म्हणून ते ओळखायलाही थोडा वेळ लागला.

त्यानं दाजींना दंडाला धरून मैदानाच्या मागं नेलं, जिथं आक्काच्या खिचडीच्या चुली पेटल्या होत्या. पलीकडं भिंतीच्या सावलीत शांत होतं. पायरीवर बसवून तो फेटा सोडायला लागला. कापड हातावर गोळा होत गेलं. दाजींचा श्वास हळूहळू खाली बसला. मग त्यांनी वही उघडली, मागची पानं चाळली, आणि एका पानावर बोट ठेवलं. "भारत, हे काय लिवलंय बघ. भारत हेल्मेटचं काहीतरी म्हणाला. परत विचारणे. काय म्हणाल्तास रे तू?"

काही न्हाई दाजी, असं म्हणता आलं असतं. भारतनं सांगितलं. चौथ्यांदा. लिंबाचं झाड, आरशाला अडकवलेलं हेल्मेट, "कुठं ठिवू", "द्या इकडं", सगळं. शब्द इतके गुळगुळीत झाले होते की त्याला स्वतःचाच वीट आला. दाजींचे डोळे भरले, जसे दर वेळी भरायचे. भारत थांबला. आता "असं व्हय" म्हणतील, उठतील, उद्या दुपारी चहा मागतील.

दाजी म्हणाले, "लिहून दे."

"काय?"

"हे, आता सांगितलंस ते. मला उद्या ऱ्हाणार न्हाई. माझं अक्षर मलाच धड लागत न्हाई. तुझ्या हातानं लिही." त्यांनी वही आणि पेन पुढं केलं.

"दाजी, आक्का रोज संध्याकाळी वही वाचती."

"मंग?" दाजी म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, डाव नव्हता. आक्कानं वाचलं तर काय बिघडलं, हे त्यांना खरोखरच कळत नव्हतं. "लिही ना. जल्दी लिही. मी इसरंन."

भारत पायरीवर बसला. वही मांडीवर घेतली. आधी तारीख टाकली. मग लिहिलं : तीर्थपुरीला भिवाच्या लग्नात दाजी हेल्मेट घालून आले होते. जाताना फेटा सोडून हेल्मेट घालणार होते. मी सोडू दिला नाही. मी त्यांच्या हातातून हेल्मेट काढून घेतलं. ते माझ्याकडं आहे. दाजींची चूक नव्हती. खाली नाव लिहिलं. पाच-सहा ओळींना इतका वेळ लागला, की तेवढ्यात आक्कानं दोनदा खिचडी हलवली. दाजींनी वही ओढून घेतली आणि शब्दाखाली बोट धरून, ओठ हलवत, पहिल्यापासून वाचली. मग दुसऱ्यांदा वाचली.

"म्हंजी मी इसरलो न्हवतो," ते म्हणाले.

"न्हाई दाजी."

"मी घालणार होतो."

"घालणार होते."

"मंग मी येडा न्हवतो." हे त्यांनी भारतला विचारलं नाही. वहीकडं बघून म्हटलं. आणि त्यांनी वर बघून चुलींकडं हाक मारली, "सुरेखा, ए सुरेखा, हे बघ भारतनं काय लिहून दिलंय."

आक्का आली. हात हळदीचे होते, ते तिनं पदराला पुसले आणि वही घेतली. उभ्यानंच वाचली. भारत तिच्या हातांकडं बघत होता, तोंडाकडं बघायची हिंमत नव्हती. मैदानावर सर माइकवर फेरीच्या सूचना देत होते, कुणी कुणाच्या मागं राहायचं ते.  आक्कानं नवऱ्याच्या डोक्यावर, त्या खोलगट जागेवर, हात ठेवला आणि म्हणाली, "चार वर्सं मी ह्या माणसाला काय काय बोलले."  तिनं वही मिटली, पोटाशी धरली.

"कुठंय ते?" तिनं विचारलं.

"दुकानात. माळ्यावर."

"आणून दे घरी. पण आधी तिकडं जा." तिनं मैदानाकडं मान केली. "तृप्तीला सांग. मी न्हाई सांगणार. तू तुझ्या तोंडानं सांग."

भारत उठला. नऊ मीटर कापड त्याच्या हातावर गोळा झालेलं होतं, ते कुठं ठेवावं हे त्याला कळेना, म्हणून तसंच घेऊन निघाला. मैदान मोठं नव्हतं. पाहुणे हेल्मेट हातात धरून गाड्यांपाशी गेले होते, पोरं उठून ओळी मोडत होती. तृप्ती अजून जागेवरच बसली होती. तिला सांगितलेलं तिला उद्या आठवणार होतं, परवा आठवणार होतं, तिच्या लग्नात त्याला फेटे बांधायला बोलावायचं का नाही हे ठरवतानाही आठवणार होतं. त्याच्या छातीत धडधडायला लागलं. मामा येताना दिसला तशी तृप्तीनं गणवेशावरची माती झटकली, डोळे पुसले, आणि ती उठून उभी राहिली.